हुंकाराची खुर्ची

१

भांड्यांच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक येत नाही. आलंच तर ते खरं सावलीला आलेलं असतं. कढई हातात घेतं, उलटीपालटी करतं, टिचकी मारून नाद ऐकतं, "परवा येतो" म्हणतं आणि जातं. म्हणून पुणतांब्याच्या स्टेशन रोडवरचे पुंजाराम वाबळे, म्हणजे सगळ्या गावाचे पुंजाशेठ, जेवण झालं की शटर अर्धं ओढायचे आणि परातींच्या चवडीला पाठ लावून मस्त ताणून द्यायचे.

शेठची शाळा सातवीनंतर सुटली. पण भांड्यांच्या आधी त्यांनी रद्दीचा धंदा केला होता, आणि रद्दी तोलायच्या आधी वाचून काढायची खोड त्यांना तिथं लागली. रद्दीतल्या कादंबऱ्यांची शेवटची पानं हमखास भजीवाल्याकडं गेलेली असत. मग शेवट शेठ स्वतःच लावत. हे लावलेले शेवट मूळच्यापेक्षा सरस होते असं ते आजही छातीठोक सांगतात, आणि ऐकणारा सापडला तर पुराव्यादाखल दोनचार ऐकवतातही.

तर अशा या माणसाच्या दुकानात एका दुपारी समोरच्या घरातल्या सरोजिनीबाई काठी टेकत आल्या. बाईंनी शेठना चौथीत शिकवलेलं. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज मात्र अजून वर्गातला.

"पुंजाराम, दुपारी काय करतोस?"

"झोपतो की, बाई."

"बसून झोपता येईल का? झोप, पण मध्येमध्ये 'हं' म्हणत जा."

शेठना ते एका क्षणात कळलं. पुराणिकांच्या घरची रीत गावात कुणाला ठाऊक नव्हती?

त्या घरात तीन भावंडं. थोरले नारायण, घरातले नाना, ते कादंबरीकार. मधल्या सरोजिनीबाई, त्या कथा लिहीत. दोघांनाही भेटायला पुण्याहून, नगरहून माणसं यायची. हल्ली एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं आणि कंडक्टर नगर-नगर ओरडतो, त्याच नगरहून. धाकटे अवधूत पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांनी जन्मात एक ओळ लिहिली नाही. पण या घरात कुठलीही गोष्ट आधी लिहीत नसत. आधी ती तोंडी सांगायची, समोर बसलेल्यानं हुंकार द्यायचा, मगच कागद. आणि हुंकार द्यायचे ते अवधूतराव. वेताच्या खुर्चीत मागं रेलून, डोळे मिटून, नाकातून येणारा तो "हं".

नियम दोनच. हुंकार थांबला की गोष्ट तिथंच टाकून द्यायची. आणि हुंकार येतोय तोवर सांगणाऱ्यानं थांबायचं नाही.

अवधूतराव चार वर्षांपूर्वी गेले. पुढच्याच उन्हाळ्यात नारायणराव गेले. सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या, दार उघडेना, म्हणून शेठनीच ते खांद्यानं ढकललं होतं. बाई तेव्हा पुण्याला भाचीकडं होत्या. नारायणराव त्या रिकाम्या वेताच्या खुर्चीसमोर बसलेले होते, तोंड उघडं, ओठ फुटलेले. डॉक्टर म्हणाले हृदय. शेठही म्हणाले हृदय.

२

नारायणरावांची मुलगी प्रणिता पुण्यात पुस्तकं छापते. तिला घराण्याची सगळी हकीकत आत्याच्या तोंडून हवी होती. आत्याचे डोळे गेलेले, म्हणून तिनं मोबाईलमध्ये आवाज टिपायची सोय करून दिली. बाईंनी मोबाईलसमोर बसून पाहिलं. तोंड उघडे, शब्द फुटेना.

"सवय लागली की मेली सुटत नाही," बाई म्हणाल्या. "भिंतीला काय सांगू?"

मग पुंजाशेठ रोज दुपारी रस्ता ओलांडून जाऊ लागले. पहिल्या दिवशी ते सहज वेताच्या खुर्चीकडं वळले.

"ती नको," बाई म्हणाल्या. "स्टूल घे."

बाई सांगू लागल्या आणि शेठनी जिव्हाळ्यानं हुंकार दिला, "व्हय."

"व्हय काय? मी काय तुला कढईचा भाव सांगतेय? हं म्हण. तोंड मिटून."

"हं."

"आता कसं!"

बाईंनी आजोबांपासून सुरुवात केली. आजोबा घाटावर पुराण सांगत. एकदा गोदावरीला पाणी चढू लागलं. श्रोते एकेक करून उठले, पण एक म्हातारा शेवटच्या पायरीवर बसून हुंकार देत राहिला. आजोबांना पोथी मिटता येईना. गुडघ्याएवढं पाणी आलं तेव्हा लोकांनी त्यांना ओढून वर काढलं. "आणि तो म्हातारा?" शेठनी विचारलं. "हुंकार देणाऱ्यानं प्रश्न विचारायचे नसतात," बाई म्हणाल्या.

पुढं वडील आले, गावचे मास्तर. रात्री पोरांना गोष्ट सांगत. ज्याचा हुंकार आधी थांबेल त्याला उचलून अंथरुणात टाकत. "नाना आणि मी कधीच झोपून गेलेलो असायचो," बाई सांगत होत्या. "अवधूत मात्र पहाटेपर्यंत. बाबा बिचारे डोळे चोळत सांगतायत, आणि हा आपला हं, हं. सहा वर्षांचं पोर! त्याला गोष्टीशी काही घेणं नव्हतं रे. समोरचा थांबू शकत नाही, याची मजा."

ते स्टूल कसलं कडक! तरी पोटभर जेवण आणि बाईंचा लयीतला आवाज यांच्यापुढं शेठचं काही चाललं नाही. पुढं आई आली, नानांची पहिली कादंबरी आली. ती शेठनी अर्ध्याहून अधिक झोपेतच ऐकली.

आठवड्यानं प्रणिताचा फोन आला.

"पुंजाकाका, काय सुरेख हुंकार देता हो तुम्ही! एक चुकत नाही. पण अवधूतकाकांची नक्कल का करता? अगदी नाकातून. ऐकताना दचकलेच मी."

"नक्कल?" शेठ हसले. "पोरी, मी तर घोरत हुतो."

"घोरणंही ऐकू येतंय," प्रणिता म्हणाली. मग थोडं थांबून तिनं विचारलं, "काका, तिथं अजून कुणी बसतं का?"

३

धंदेवाईक माणसाला कशाचंही कारण लागतं. भांडं गळतंय म्हणजे कुठंतरी भोक आहे. ते दिसलं नाही म्हणजे नीट बघितलं नाही, एवढंच. शेठनी विचार केला. घोरत असताना माणूस अधूनमधून हुंकारत असेल. दुकानात एका घागरीवर काही पडलं की शेजारची घागर आपोआप गुणगुणते; तसं बाईंच्या स्लॅबवरच्या रिकाम्या टाकीत काही घुमत असेल. हे कारण त्यांना पसंत पडलं. त्यांनी ते दोन गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाई सांगत असतानाच बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. पातेल्यांचा माल आला होता. बाई डोळे मिटून रंगात होत्या. शेठ चपला हातात घेऊन हळूच सटकले. माल उतरवून घेतला, ड्रायव्हरला पाणी पाजलं, त्याच्या गावच्या पावसाची चौकशी केली आणि परत आले.

बाई तशाच सांगत होत्या. वाक्य संपलं की थांबत, मान जराशी हलवत, पुढचं वाक्य घेत. दारात उभं राहिलं की त्या कुणाकडं तोंड करून सांगतायत ते नीट दिसत होतं. स्टुलाकडं नाही.

"बाई," शेठ म्हणाले, "मी न्हवतो हितं."

बाई थबकल्या. "कधीपासून?"

"पार टेम्पो खाली झाला."

"मग हं कोण करत होतं?"

दोघांनीही वेताच्या खुर्चीकडं पाहिलं. खुर्ची रिकामी होती. वर पंखा फिरत होता. नवं काही नव्हतं तिच्यात. फक्त बैठकीचा वेत मधोमध खाली गेलेला होता. तो जुना होता, गेलेला असणारच.

"टाकी," शेठ म्हणाले. "टाकीत घुमतंय."

"असेल," बाई म्हणाल्या. पण त्यांनी पदरानं ओठ पुसले, आणि शेठना एकदम दिसलं, की ओठ कोरडे पडून मधोमध चिरले होते.

४

त्यानंतर सांगणं लांबत गेलं. आधी चहाच्या वेळेला आटपायचं, ते दिवेलागणीवर गेलं. डॉक्टरांनी बाईंना बोलणं कमी करायला सांगितलेलं. घसा बसला, मग आवाज खरखरला, मग निव्वळ हवा यायला लागली, तरी बाई सांगतच.

"बाई, बास आता," शेठ म्हणाले.

बाईंनी हात वर केला. तो थांब म्हणायला नव्हता. बुडणारा माणूस करतो तसा तो हात होता. तोंडानं त्या १९७२ च्या दुष्काळातली खडी फोडायची सरकारी केंद्रं सांगत होत्या. मागल्या दोन दुपारीही त्यांनी तेच सांगितलं होतं.

तेव्हा शेठनी तो ऐकला.

तो मोठा नव्हता आणि भयंकरही नव्हता. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून, नाकातून, सावकाश आला.

"हं."

त्यात पुढं ऐकायची ओढ नव्हती. पुढचं सगळं आधीच माहीत असलेल्या माणसाचा हुंकार होता तो. मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला साहेब देतो तसला. बाईंनी पुढचं वाक्य घेतलं. "हं." त्यांनी आणखी एक घेतलं.

एवढ्यात मनमाडकडं जाणारी मालगाडी आली आणि सगळं घर तिच्या खडखडाटानं भरलं. त्या आवाजात हुंकार काही ऐकू येईना. बाई वाक्याच्या मध्येच गप्प झाल्या आणि टेबलावर डोकं टेकून धापा टाकू लागल्या. शेठनी पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावला. बाईंनी तो घटाघटा संपवला.

"नाना असाच गेला," पाणी पिऊन झाल्यावर बाई म्हणाल्या. "रात्रभर मालगाडी आली नसणार."

"बाई, उठा. पुण्याला जाऊ पोरीकडं. आत्ता."

"आणि शेवट? नाना कसा गेला, ते अजून सांगायचं राहिलंय. प्रत्येक वेळी तिथं आले की हा मला मागं नेतो. दुष्काळ सांग, आई सांग, पुन्हा सांग." बाईंचा आवाज फुटका होता, पण छडीसारखा ताठ. "जन्मभर आम्ही दोघं याच्या हुंकारावर नाचलो, पुंजाराम. याला कंटाळा आला म्हणून नानानं एक अख्खी कादंबरी चुलीत घातली. माझ्या सात कथा याच्या मौनानं मेल्या. आणि लोकांना सांगत फिरायचा, पुस्तकं यांची नाहीत, माझ्या हुंकाराची आहेत! घर माझं, गोष्ट माझी. मी का पळू?"

५

शेठनी आपल्या परीनं तोड काढली. संध्याकाळी बाई पडून राहिल्या तेव्हा त्यांनी वेताची खुर्ची उचलली, रस्ता ओलांडला आणि दुकानामागच्या गोदामात, तांब्याच्या हंड्यांमध्ये नेऊन ठेवली. खुर्ची वजनाला होती तेवढीच होती. उचलताना त्यांनी ते मुद्दाम पारखलं.

दुसऱ्या दिवशी ज्योती आली. ती नागापूरच्या एमआयडीसीत कामाला. बहिणीच्या लग्नात द्यायला पातेल्यांवर नाव कोरून हवं होतं. शेठ मशीन चालवता चालवता तिला सांगू लागले, "रद्दीत एकदा कादंबरी घावली, बरं का ज्योती. नायक विहिरीत पडलेला, आन् पुढची पानं गायब..."

"हं," गोदामातून आलं.

"...मग मी काय केलं, त्याला दोर दिला..."

"हं."

"शेठ, आत कोन हाय?" ज्योतीनं विचारलं.

कुणी न्हाई, असं शेठना म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "दोर धरून तो अर्ध्यावर आला." हंड्यांत हुंकार घुमला. नायक वर आला. हुंकार आला. नायकाला गाव सोडावं लागलं. शेठना थांबायचं होतं. जीभ ऐकत नव्हती. उतारावर सुटलेल्या हातगाडीसारखं एक वाक्य दुसऱ्याला ढकलत होतं. मशीनची सुई पातेल्यावर आडवीतिडवी फिरून गेली. ज्योती "बरं वाटत न्हाई का तुमाला?" म्हणत मागं सरकली, मग "पानी आणू का?" आणि मग पातेली तशीच टाकून रस्त्यापलीकडं बाईंकडं धावली. शेठ रिकाम्या दुकानाला सांगत राहिले. आयुष्यात त्यांच्या गोष्टीला इतका चांगला ऐकणारा मिळाला नव्हता, आणि कुणीतरी त्याचा गळा दाबावा असं त्यांना वाटत होतं. नायकाचं लग्न झालं, पोरं झाली, पोरांची पोरं झाली. घशात वाळू साचली. डोळ्यांपुढं नारायणरावांचे फुटके ओठ आले.

अचानक कानठळ्या बसल्या. दारात सरोजिनीबाई उभ्या होत्या. डाव्या हातात परात, उजव्या हातातल्या काठीचे दणके तिच्यावर. त्यांच्या मागं ज्योती दोन झाकणं एकमेकांवर आपटत होती. शेठची जीभ सुटली. ते खाली बसले.

"माझी खुर्ची परत आण," बाई धापा टाकत म्हणाल्या. "चौथीतसुद्धा न विचारता दुसऱ्याची पाटी उचलायचास तू."

"बाई, तिला फोडून बंबात घालतो!"

"आणि मग हा कुठं बसेल? तुझ्या छातीवर? आण ती."

६

खुर्ची आपल्या जागी आली. बाईंनी स्वतः हातानं ती पुसली. मग पुराणिक नाव कोरलेला स्टीलचा पेला काठोकाठ भरला. हा पेला नेहमी सांगणाऱ्याच्या हाताशी असायचा. हुंकार देणाऱ्याला पाण्याची काय गरज? आज बाईंनी तो उचलला, चाचपडत पुढं गेल्या, आणि वेताच्या खुर्चीसमोरच्या तिपाईवर ठेवला.

मग मोबाईल सुरू केला आणि म्हणाल्या, "माझा भाऊ नारायण रिकाम्या खुर्चीसमोर बोलता बोलता मेला. त्याला कुणी थांबू दिलं नाही. पुराणिकांची गोष्ट इथं संपली."

"हं," खुर्चीतून आलं. पुढं सांग, असा.

बाईंचे ओठ उघडले. शेठना त्यांच्या गळ्याची शीर ताठताना दिसली. शब्द आतून रेटत होते, बाई जबडा आवळून ते गिळत होत्या. कपाळावर घाम फुटला. शेठ परात घ्यायला वाकले, तेवढ्यात बाईंनी रेटणाऱ्या त्या सगळ्या शब्दांतून आपले तेवढे निवडून काढले.

"अवधूत. आता तू सांग."

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती.

"सत्तर वर्षं ऐकलंस. आता तू सांग, मी ऐकते." बाईंनी पाठ मागं टेकली, डोळे मिटले आणि तोंड मिटून, नाकातून, सावकाश म्हणाल्या, "हं."

काहीच झालं नाही. मग वेत करकरला. मागं रेललेला माणूस पुढं झुकतो तेव्हा जसा करकरतो, तसा.

"हं," बाई म्हणाल्या.

शेठना एक अक्षरही ऐकू आलं नाही. फक्त बाईंच्या दोन हुंकारांमधलं अंतर एकसारखं नव्हतं. कधी ते लहान असे. कधी अडखळल्यासारखं लांबे. एकदा बाई हसल्या. एकदा म्हणाल्या, "खोटं. पण सांग." आणि एकदा वेत फार जोरात करकरला, कुणीतरी उठायला बघतंय तसा. बाईंनी झटकन, डोळे न उघडता, हुंकार दिला. वेत गप्प झाला.

ऊन भिंतीवरून खाली आलं. शेठची नजर पेल्यावर गेली. तो काठोकाठ भरताना त्यांनी पाहिला होता.

पाणी 'पुराणिक' या अक्षरांच्या खाली उतरलं होतं.

७

प्रणिताला शेवटापर्यंतचा मजकूर मिळाला. ती म्हणाली, फारच झकास झालंय, आत्या. पण शेवटच्या फाईलमध्ये पुढं नुसतं तुझं हं-हं आहे, ते कापते. बाई म्हणाल्या, काप.

आता रोज दुपारी समोरच्या घरातून तेवढाच आवाज येतो. बाईंचा घसा सुधारलाय, तब्येतही. संध्याकाळी त्या दारात उभ्या राहून भाजीवाल्याशी हुज्जत घालतात. पेला दिवसातून दोनदा भरावा लागतो.

गेल्या सोमवारी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी प्रणिता त्यांना नगरला घेऊन गेली. गाडीत बसताना बाईंनी काच खाली केली.

"पुंजाराम, झोपशील?"

"न्हाई, बाई."

"दमला की तो आर्जवं करतो. ऐकू येत नाही, पण कळतं. आर्जवाला भुलू नकोस. सांगणं थांबलं की तो पुन्हा मागं रेलेल, आणि मग तुझी पाळी."

"बाई, रद्दीवाला हाय मी. दुसऱ्याचं ऐकायची सवय हाय मला."

शेठनी शटर ओढलं, या खेपेला पूर्ण. रस्ता ओलांडून आत गेले, पेला भरून तिपाईवर ठेवला आणि स्टूल खुर्चीच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असं ओढलं. वेत करकरला, पुन्हा करकरला, मग नुसताच हलत राहिला. एखादा माणूस मान नाही-नाही हलवतो, तसा. पेल्यातलं पाणी थरथरत होतं.

"थांबायचं न्हाई, अवधूतराव," पुंजाशेठ म्हणाले. "घरचा नियम हाय तुमच्या."

मग त्यांनी तोंड मिटलं.

"हं."